कर्णिक सरांची खूण

कर्णिक सर गेले तेव्हा डोंबिवलीत त्यांची शोकसभा झाली. पांढरी कव्हरं घातलेल्या खुर्च्या, फोटोला हार, आणि माइकसमोर एकामागून एक त्यांची भक्तमंडळी. एक दंतवैद्य म्हणाले, सरांना इंजिनाची नाडी कळायची. एक निवृत्त तहसीलदार म्हणाले, सरांचं टायमिंग म्हणजे ब्रह्मवाक्य. सूत्रसंचालकांनी माझ्याकडे पाहिलं, "ताई, तुम्ही दोन शब्द?" मी मान हलवून नको म्हटलं. दोन शब्द माझ्याकडे होते, पण ते हार घातलेल्या फोटोसमोर उच्चारण्यासारखे नव्हते.

सर कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. एका कारखान्याच्या देखभाल विभागात नोकरी करून लवकर निवृत्त झालेले गृहस्थ. 'सर' ही पदवी त्यांनी स्वतःच घेतली असावी, कारण त्यांना 'काका' म्हटलेलं ते ऐकून न ऐकल्यासारखं करत. डोंबिवली पूर्वेला, बंगल्यांच्या भागात, सासऱ्यांकडून आलेल्या बैठ्या घरात ते राहत. शेजारी पत्र्याची शेड. त्या शेडमध्ये ते जुन्या डिझेल गाड्यांची इंजिनं उघडून पुन्हा जोडत, आणि जोडता जोडता गाडीच्या मालकाला खाली पाडत.

त्यांची कामाची पद्धत पाहण्यासारखी होती. रविवारी सकाळी पांढराशुभ्र इस्त्रीचा शर्ट घालून ते इंजिनापाशी उभे राहत. भोवती मंडळी: ते दंतवैद्य, ते तहसीलदार, एक हिशेबतपासनीस. सर मागे न बघता नुसता तळवा पुढे करत, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरसारखा. त्या तळव्यावर योग्य तो पाना ठेवायचा. चुकीचा ठेवला तर सर काही बोलत नसत, बोटं सैल सोडत. पाना खाली फरशीवर पडे. मग दंतवैद्य, ज्यांच्यासमोर आठवडाभर लोक घाबरून तोंड उघडत, ते वाकून तो पाना उचलत आणि दुसरा देत. या प्रकाराला ही मंडळी 'शिकणं' म्हणत. मी आयुष्यभर ठाण्यात नौपाड्याच्या एका शाळेत मराठी शिकवलं, पण असं शिकवणं आणि असं शिकणं दोन्ही मला कधी जमलं नसतं.

रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक वाहनावर त्यांचा शेरा असे. रिक्षा गेली की, "याचा व्हॉल्व्ह जळलाय आणि याला गाणी ऐकायचीत." शाळेची बस गेली की, "मुलं कसली नेतो, धूर नेतो." पुस्तकांबद्दल त्यांचं मत मी न विचारता मला मिळालं होतं: "वाचून फक्त चष्मा लागतो, बाई." मी हसले नाही, तेव्हा त्यांनी ते दंतवैद्यांकडे बघून पुन्हा म्हटलं. दंतवैद्य हसले.

मी या माणसाच्या शेडमध्ये का जात होते, ते सांगायला हवं. माझा धाकटा भाऊ सुहास आणि मी, दोघंच, वडिलांच्या नौपाड्याच्या घरात राहत होतो. तो बँकेत होता. खाली गॅरेजात वडिलांची जुनी डिझेल गाडी अनेक वर्षं बंद पडून होती. गोल पाठीची, पुढची सीट अखंड बाकासारखी, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच लावलेला. आम्ही लहान असताना वडील त्या गाडीतून आम्हाला खडवलीला नदीवर न्यायचे. तिथल्या मोकळ्या मैदानात सुहासला मांडीवर बसवून स्टिअरिंग त्याच्या हातात द्यायचे. "मोठा झालास की पेडलही तुझे," म्हणायचे. तो मोठा होईपर्यंत गाडी बंद पडली होती.

मग सुहासचा डावा पाय अडखळू लागला. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी सौम्य शब्दांत सांगितलं, की मज्जातंतूंचा हा आजार थांबवता येत नाही, पाय जातील, हात जातील, पुढे बोलणंही जाईल. सुहासने घरी येऊन बूट काढले आणि म्हणाला, "ताई, गाडी चालू करून घेऊ. खडवलीला मीच चालवत नेणार. पाय आहेत तोवर."

बाकी त्याने आयुष्याकडे काही मागितलं नाही. एवढं एकच मागितलं, आणि ते कर्णिक सरांच्या हाती गेलं. त्याच्या बँकेतल्या कुणीतरी त्यांचं नाव सुचवलं होतं.

गाडी टोचन करून डोंबिवलीला नेली, तेव्हा सरांनी बॉनेट उघडून बराच वेळ आत पाहिलं. मग आम्हा दोघांना म्हणाले, "तुमच्या वडिलांनी ही गाडी वापरली नाही. छळली."

"वडील फार जपायचे हिला," मी म्हटलं.

"जपणारे असेच छळतात."

सुहास हसला. त्याला सरांचा राग येत नसे. मला त्याच्या वाटणीचाही येत असे. त्याने आपला आजार सरांना सरळ सांगितला. सर म्हणाले, "इंजिनाला तुझ्या पायाशी देणंघेणं नाही. त्याला लागेल तेवढा वेळ लागेल." आणि पावसाळाभर इंजिन सुटं होऊन चादरीवर पडून राहिलं.

आता टायमिंग म्हणजे काय ते मला जेवढं समजलं तेवढं सांगते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून दाबून तापवायची, आणि ती पुरती तापते नेमक्या त्या क्षणी आत डिझेलचा फवारा सोडायचा. तो क्षण हुकला तर इंजिन पेट घेत नाही, नुसता पांढरा धूर ओकतं. फवारा सोडणारा पंप एका दातेरी चाकाने फिरतो, ते चाक इंजिनाच्या चाकात दातात दात घालून बसवलेलं असतं. कुठला दात कुठल्या खाचेत, एवढ्यावर सगळा खेळ. म्हणून चाकांवर कंपनीने ठोकलेली बारीक खूण असते आणि ती जुळवायची असते.

सरांना कंपनीची खूण मान्य नव्हती. "दुसऱ्याच्या अकलेवर मी इंजिन बांधत नाही." ते चाकं सुटी करण्याआधी स्वतःची खूण करत, वहिनींच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका. वहिनींनी नेलपॉलिश लावलेली मात्र मी कधी पाहिली नाही.

वहिनी म्हणजे सरांची बायको. बोलणं कमी आणि तेही स्वयंपाकघरात. पूर्वी एकदा सरांची स्कूटर चालू होईना. मंडळींसमोर त्यांनी ती अर्धी सोडवली. चहा घेऊन आलेल्या वहिनी सहज म्हणाल्या, "पेट्रोलची चावी बंद दिसतेय." चावी बंदच होती. सरांनी ती उघडली नाही. स्कूटर पूर्ण सोडवली, पुन्हा जोडली, मगच चावी उघडली आणि म्हणाले, "कार्बोरेटरमध्ये कचरा होता." त्यानंतर कितीतरी दिवस ते वहिनींशी बोलले नाहीत. ही हकीकत मला तहसीलदारांनी सांगितली, आणि तीही कौतुकाने: "बघा, मनुष्य किती तत्त्वाचा."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, वहिनींनी शेडमधल्या हत्यारांची पूजा केली. पाने, हातोडे आणि चादरीवर मांडलेले इंजिनाचे भाग, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. सर देवाधर्माची टिंगल करत. सत्यनारायणाला ते 'शिऱ्याचा कार्यक्रम' म्हणत. पण यंत्रावर वाहिलेलं कुंकू पुसायचं नाही, ते आपोआप जायचं, हा कारखान्यातला नेम त्यांनी कधी मोडला नाही. देव मानायचा नाही आणि कोप मात्र मानायचा, अशी त्यांची नास्तिकता होती.

दिवाळीच्या आधी पंपाचं चाक बसलं. त्या रविवारी सरांनी समारंभच केला. पुढचं कव्हर लावण्यापूर्वी टॉर्च मारून प्रत्येकाला बोलावलं. "ही बघा माझी खूण. खुणेसमोर खूण. केसाचाही फरक नाही." सगळ्यांनी वाकून लाल ठिपक्याचं दर्शन घेतलं. सुहासही काठी टेकत वाकला. तो म्हणाला, "सर, कव्हर लावायच्या आधी एकदा थेंब बघून घ्यायचा का? मी वाचलं, पंपाचा पाइप काढून इंजिन हाताने फिरवायचं, थेंब थांबतो तिथे टायमिंग कळतं."

"थेंब मोजायला मी सलाइन लावणारी नर्स नाही," सर म्हणाले. "ज्याला स्वतःच्या हातावर भरवसा नसतो तो थेंब बघतो."

कव्हर लागलं. पुढे पुली आणि रेडिएटर लागला. आणि इंजिन चालू झालं नाही.

स्टार्टर फिरे, इंजिन धापा टाके, मागून पांढऱ्या धुराचा लोट येई, आणि सगळं शांत. पहिल्या रविवारी सरांनी डिझेलला दोष दिला. "ठाण्यातलं डिझेल दिसतंय." पुढच्या रविवारी नोझलला, म्हणजे फवारा सोडणाऱ्या तोट्यांना. पंप कल्याणला तपासायला पाठवला. तो चांगला असल्याचा निरोप आला, तेव्हा कल्याणच्या माणसाला दोष दिला. मग हवेला. मग सुहासला: "तू किल्ली फिरवतोस की देवळाची घंटा वाजवतोस?"

सुहास किल्ली नीटच फिरवत होता. तेवढं त्याला अजून जमत होतं. पण त्या दिवशी गाडीतून उतरताना त्याच्या डाव्या पायातली चप्पल आत राहिली आणि ते त्याला कळलंच नाही. तो तसाच एका चपलेने खुर्चीपर्यंत चालत गेला. मी चप्पल आणून त्याच्या पायात घातली. सर तेव्हा दंतवैद्यांना ओरडत होते.

मी उठून आत गेले. वहिनी मेथी निवडत होत्या. मीही समोर बसून एक जुडी ओढली. त्या खालीच बघत म्हणाल्या, "सुहास भाऊजींचा पाय फारच ओढतोय हो आता."

"हो."

"ताई, एक सांगू का? यांना सांगू नका." मग एकदम म्हणाल्या, "ती खूण यांची नाहीये."

"कुठली?"

"लाल. टॉर्च मारून दाखवली ती. खंडेनवमीला मी त्या चाकाला कुंकू लावलेलं. दातात बोट अडकलं होतं माझं, म्हणून लक्षात आहे. तेल होतं तिथे, कुंकू तिथेच घट्ट बसलं. नेलपॉलिश पलीकडच्या बाजूला होती. पूजेच्या आधी चाकं धुतली त्यात निघून आलेली. ती माझी खूण आहे, यांची नाही."

"मग त्या दिवशी का नाही बोललात?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला माझाच प्रश्न मूर्खपणाचा वाटला. "तुम्ही बघा काय ते," त्या म्हणाल्या आणि मेथीच्या काड्या गोळा करायला लागल्या.

मी बाहेर आले. मी मोठ्याने बोलणारी बाई नाही. पण मंडळींसमोरच म्हणाले, "सर, खंडेनवमीला चाकांना कुंकू वाहिलं होतं ना? आतली लाल खूण कुंकवाची असेल तर?"

सर वळले. त्यांनी रुमालाने हात पुसले, जे मुळात स्वच्छच होते. "अच्छा. म्हणजे आता मराठीच्या बाई टायमिंग बघणार. मग डॉक्टरांनी शुद्धलेखन तपासायला घ्यावं."

मंडळी हसली.

"मी फक्त कव्हर उघडून बघा म्हणतेय."

"फक्त? कव्हर म्हणजे काय डब्याचं झाकण वाटलं? रेडिएटर काढा, पुली काढा. आणि कुंकू आणि नेलपॉलिश यातलं मला कळत नाही, असं तुमचं म्हणणं."

"त्यात न कळण्यासारखं काही नाही. टॉर्चच्या उजेडात दोन्ही लालच दिसतं."

"हे तुम्हाला सांगितलं कोणी?" त्यांनी दाराकडे पाहिलं. दारात वहिनी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या.

"मला कुणी सांगायला कशाला हवं? झेंडू अजून खाली पडलेत," मी म्हटलं.

"ताई, राहू दे," सुहास म्हणाला. "सर बघतील."

त्या माणसाला तेव्हा फक्त एक वाक्य बोलायचं होतं: असेल, बघतो. आठ-दहा वर्षांच्या मुलांना मी रोज हे वाक्य बोलताना ऐकलं आहे. सरांना ते जड गेलं. त्यापेक्षा त्यांना माझ्या भावाचा पाय जाणं हलकं वाटलं. परत येताना रिक्षात मी सुहासला म्हटलं, गाडी दुसरीकडे नेऊ. तो म्हणाला, "आता पुन्हा सगळं पहिल्यापासून? तेवढा वेळ आहे का, ताई?" त्याचा प्रत्येक आठवडा त्यांच्या गर्वात जमा होत होता, आणि आम्ही दर रविवारी तो आणून देत होतो.

पुढच्या शनिवारी वहिनींचा फोन आला. आवाज दबलेला. "उद्या येऊ नका. यांनी सगळ्यांनाच नाही सांगितलंय. सकाळपासून शेडला आतून कडी लावून बसलेत. जेवायलाही आले नाहीत. रेडिएटर काढल्याचा आवाज आला." संध्याकाळी पुन्हा फोन. "आले बाहेर. हात कोपरापर्यंत काळे. असे मी बघितले नव्हते कधी. रुमाल धुवायला टाकलाय, लाल झालाय सगळा. मी काही विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका हं."

नंतरच्या रविवारी सुहासने किल्ली फिरवली आणि इंजिन लगेच पेटलं. पत्रे थरथरले. धूर आला तो करडा, आणि निवळत गेला. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. सर पांढऱ्या शर्टात उभे होते. "नोझल," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून सांगतोय, नोझल."

"थँक्यू सर," सुहास म्हणाला, आणि त्याने क्लचवर डावा पाय ठेवला. पेडल थोडंसं खाली गेलं आणि थांबलं. त्याने दोन्ही हातांनी गुडघा दाबला. पेडल आणखी थोडं गेलं आणि परत वर आलं. जमलेल्या सगळ्यांनी ते पाहिलं आणि सगळ्यांना एकदम इंजिनाच्या आवाजाबद्दल काहीतरी बोलायचं सुचलं.

सरांनीही पाहिलं. ते म्हणाले, "पुढच्या रविवारी खडवली. मी नेतो."

मी सुहासला घरी आल्यावर म्हटलं, "खोटारडा माणूस." तो म्हणाला, "चालू झाली ना?" हे त्याचं नेहमीचं, माणसांची बेरीज करून सोडून देणं. मला वजाबाकीच येते. ते वाया गेलेले रविवार मी सरांच्या नावावर अजून तसेच ठेवले आहेत. ते गेले म्हणून ते रविवार फिटले, असं मला शोकसभेतही वाटलं नाही.

खडवलीला सरांनीच गाडी चालवली. सुहास त्यांच्या शेजारी, मागे वहिनी आणि मी. वाटेत सरांनी टिटवाळ्यापर्यंतच्या प्रत्येक ट्रकवर शेरे मारले. खडवलीत ते नदीच्या बाजूला वळले. मैदान पूर्वीपेक्षा आक्रसलं होतं, एका कडेला नवी बांधकामं आली होती, पण मधली जागा मोकळी होती. तिथे त्यांनी गाडी थांबवली, उतरले, पुढून वळसा घालून डावीकडचं दार उघडलं आणि सुहासला म्हणाले, "सरक."

"सर, क्लच होत नाही माझ्याच्याने."

"सरक म्हटलं ना."

सुहास हातांवर जोर देत बाकावरून उजवीकडे, स्टिअरिंगमागे सरकला. सर त्याच्या शेजारी बसले. मग त्यांनी चप्पल काढली, सुहासचा डावा पाय उचलून बाजूला ठेवला आणि आपला उजवा पाय लांब करून क्लचवर ठेवला. अंग वाकडं करून, एक हात हँडब्रेकवर, एक सीटच्या पाठीवर. त्या आसनात पांढऱ्या शर्टाला चुण्या पडल्या.

"कधी दाबायचा, कधी सोडायचा, ते तू सांग," ते म्हणाले. "मी नुसता पाय."

सुहासने किल्ली फिरवली. गेल्या काही दिवसांत त्याचे शब्दही जड झाले होते, ओठांवरच लोळत. "दाबा." त्याने दांडा ओढून गिअर टाकला. "सोडा. हळू." गाडीला हिसका बसला आणि ती बंद पडली.

सुहास म्हणाला, "लवकर सोडलात, सर."

मी सरांच्या मानेकडे बघत होते. मला वाटलं, आता खडवलीच्या मातीला दोष मिळेल, नाहीतर सुहासच्या किल्लीला.

"हो," सर म्हणाले. "लवकर सोडला. पुन्हा घे."

पुन्हा किल्ली. पुन्हा "दाबा". या वेळी गाडी हलली. पहिल्यात थोडी, मग दुसऱ्यात, मैदानाच्या कडेकडेने, माणूस चालेल त्याहून जरा जास्त वेगाने. सुहासचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि तो समोर बघत होता.

सर रस्त्याकडे बघत नव्हते. इंजिनाच्या आवाजाकडेही त्यांचं लक्ष नव्हतं. मान वाकडी करून ते सुहासच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. त्याचे शब्द आता नीट ऐकू येत नव्हते, आणि ओठ हलले की लगेच पाय दाबता यायला हवा होता.